मुलावर आरोप आला तर : साथ द्यावी, खोटा कैवार घेऊ नये

पवित्र कुरआनच्या सूरह अन्निसामधील १०५ ते ११३ या आयती एका चोरीच्या प्रकरणात अवतरल्या. मदिनेत हजरत रिफाआ (रजि.) यांच्या कोठीला भगदाड पाडून पीठ आणि शस्त्रे चोरीला गेली. संशय बनू उबैरिक या घराण्यातील लोकांवर होता. त्यांनी तो आळ लबीद बिन सहल (रजि.) या सज्जन माणसावर ढकलला. मग त्या घराण्याचे नातलग एकत्र जमले, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि आमच्या भल्या माणसांवर पुराव्याविना ठपका ठेवला जात आहे, असे सांगू लागले. वरकरणी त्यांचे बोलणे रास्त वाटावे असेच होते. तक्रार मांडणारे हजरत कतादा (रजि.) यांनाच उलट समज ऐकावी लागली. तेव्हा या आयती अवतरल्या आणि खरे काय ते उघड झाले.

या आयतींचा आशय असा आहे : दगाबाजांच्या वतीने भांडू नये, या जगात त्यांची वकिली करणारे पुष्कळ मिळतील, परंतु कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर त्यांची बाजू कोण मांडणार? ज्याच्याकडून वाईट कृत्य घडले आणि ज्याने क्षमा मागितली, त्याला अल्लाह क्षमाशील व दयाळू आढळेल. आणि ज्याने स्वतःचा अपराध निर्दोष माणसाच्या माथी मारला, त्याने फार मोठे बोहतान आपल्या शिरावर घेतले.

वाचक बंधू-भगिनींनो, या नऊ आयतींमध्ये निर्दोषाला संरक्षण आहे, अपराध्याला तौबेचा मार्ग आहे आणि नातलगांना त्यांची मर्यादा सांगितलेली आहे. आज या तिन्ही गोष्टींची गरज आपल्या घरांमध्ये एका नव्या प्रसंगी पडते. महाविद्यालयात वा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर परीक्षेतील गैरप्रकाराचा, कॉपीचा किंवा दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर दाखवल्याचा आरोप येतो, तो हा प्रसंग.

मोरगाव, सुपे आणि भोवतालच्या जिरायती पट्ट्याचा विचार करा. पावसाच्या भरवशावर शेती, कुणाची मजुरी, कुणाचे लहानसे दुकान. अशा घरांतली मुले एसटीने बारामतीला जातात, पुढे पुण्यात खोली घेऊन राहतात. अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच पिढी असते. निकाल लागतो, सर्वांचे गुण येतात आणि आपल्या मुलाचा निकाल मात्र राखून ठेवलेला दिसतो. काही दिवसांनी कारणे दाखवा नोटीस येते. ती समजून सांगणारे घरात कुणी नसते. अब्बांना ‘खुलासा’ या शब्दाचीच धास्ती वाटते. अम्मी रडते. मूल घरी सांगायलाच धजत नाही आणि त्या भीतीतच उत्तर देण्याची मुदत टळून जाते.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांची पहिली हालचाल काय असते? एक तर मुलाच्या अंगावर हात उगारला जातो, नाही तर ‘कुणाची ओळख आहे का’ याचा शोध सुरू होतो. पुढाऱ्याच्या माणसाला फोन जातो. आजारपणाचा खोटा दाखला मिळवण्याचा सल्ला मिळतो. कुणी सुचवतो, ‘शेजारच्या मुलाने चिठ्ठी टाकली म्हणून सांग.’ कुणी सांगतो, ‘थोडे पैसे गेले तरी चालतील, पण मिटवून टाका.’ हे सारे मुलावरील मायेपोटीच होते, यात शंका नाही. परंतु बनू उबैरिकच्या नातलगांनाही आपल्या माणसांची मायाच होती. लाच देणारा आणि लाच घेणारा या दोघांनाही प्रेषितांनी (स.) शापित म्हटले आहे. आणि स्वतःची चिठ्ठी शेजारच्या बाकावर ढकलणे म्हणजे तेच बोहतान, ज्याच्याविषयी या आयती बजावतात.

मग मदत करायचीच नाही काय? तसे अजिबात नाही. आपला भाऊ अत्याचारी असो वा अत्याचारित, त्याला मदत करा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण सहीह बुखारीत आहे. अत्याचारिताला मदत करू, पण अत्याचाऱ्याला मदत कशी करायची, असे लोकांनी विचारले. तेव्हा त्याचा हात अत्याचारापासून रोखणे हीच त्याची मदत, असे उत्तर मिळाले. मदत दोघांनाही आहे. तिचे रूप मात्र सत्य काय आहे यावर ठरते. म्हणून पहिली पायरी एकच आहे : दार बंद करून, आवाज न चढवता, मुलाला सत्य विचारणे. सत्य सांगितले तर आपण घरातून उठवले जाणार नाही, याची खात्री मुलाला असली पाहिजे. ज्या घरात ही खात्री नसते, तिथे मूल प्रथम घरच्यांशी खोटे बोलते आणि नंतर समितीशी.

मूल निर्दोष असेल तर

निर्दोष माणसाने गप्प बसून सोसावे, अशी इस्लामची शिकवण नाही. हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर खोटा आरोप आला, तेव्हा निवाडा कशावर झाला? सदरा पुढून फाटला आहे की मागून, हे पाहण्यात आले. सदरा मागून फाटलेला निघाला आणि सत्य उघडे पडले. तरीही त्यांना तुरुंगात जावे लागले. वर्षांनंतर राजाचा निरोप्या सुटकेचा निरोप घेऊन आला, तेव्हाही ते लगेच बाहेर पडले नाहीत. आपल्या धन्याकडे परत जा आणि त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी कर, असे त्यांनी त्याला सांगितले. त्यांना नुसती सुटका नको होती. चौकशी होऊन नाव स्वच्छ व्हायला हवे होते. आरोप आलेल्या प्रत्येक निर्दोष विद्यार्थ्याने सूरह यूसुफचा हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

तुमच्या मुलाचा ‘सदरा’ कोणता, याचा घरात बसून शोध घ्या. प्रकल्पाचे कच्चे खर्डे, हाताने काढलेली टिपणे, ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकांची नोंद, मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार, संगणकातील फाइलींच्या तारखा, हे सर्व पुरावेच आहेत. आजकाल एखादे सॉफ्टवेअर साम्याचा आकडा दाखवते आणि मूल हबकून जाते. परंतु आकडा म्हणजे निवाडा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम केले, त्यांत योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाणित सूत्रे साम्याच्या मोजणीतून वगळलेली आहेत. प्रबंध वा शोधनिबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत लेखन दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा सादर करता येते. ४० ते ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष सुधारित लेखन सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. ही चौकशी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी झाली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे.

परीक्षेतील गैरप्रकारांसाठी आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्याच्या कलम ४८ नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ याच कायद्याखाली चालते. म्हणजे नोटीस आली याचा अर्थ शिक्षा झाली, असा नाही. ते तुमच्या मुलाला त्याचे म्हणणे मांडण्यासाठी दिलेले बोलावणे आहे.

म्हणणे ऐकून घेतल्याविना शिक्षा देता येत नाही, हे आपल्या देशात फार पूर्वीच ठरले आहे. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थी १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. नंतर त्यांना काहीही न विचारता, गैरमार्ग वापरल्याच्या कारणाने त्यांचा निकाल रद्द करण्यात आला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घनश्यामदास गुप्ता यांच्या या खटल्यात निर्णय दिला की ज्या समितीच्या हाती विद्यार्थ्याचे भवितव्य आहे, तिने त्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. ईमानधारकाला हे तत्त्व परके वाटणार नाही. प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठवताना हीच ताकीद दिली होती : दोन पक्ष समोर आले तर दुसऱ्याचे ऐकून घेतल्याखेरीज निवाडा करू नये.

तेव्हा काही साध्या गोष्टी कराव्यात. नोटीस दोनदा वाचावी. आरोप नेमका कोणता, कोणत्या विषयाच्या आणि कोणत्या दिवसाच्या पेपराचा, उत्तर देण्याची शेवटची तारीख कोणती, हे वेगळ्या कागदावर उतरवून काढावे. ज्या आधारावर आरोप केला आहे, ती कागदपत्रे पाहण्यासाठी लेखी अर्ज करावा. वेळ कमी असेल तर मुदतवाढही लेखीच मागावी. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. न वाचलेल्या कागदावर सही करू नये. खुलासा मुलाने स्वतःच्या शब्दांत, थोडक्यात लिहावा; घडले ते घडले त्या क्रमाने सांगावे; न विचारलेले वाढवून सांगू नये, कुणावर राग काढू नये.

हे सर्व एकट्या मुलाने करावे, अशी अपेक्षा ठेवू नका. फिरऔनच्या दरबारात जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनी काय मागितले? छाती मोकळी कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोड आणि माझ्या घरातूनच माझा भाऊ हारून याला माझा साहाय्यक कर, अशी त्यांची दुआ सूरह ताहामध्ये आहे. हारून माझ्यापेक्षा बोलण्यात स्पष्ट आहे, तो सोबत असला की माझ्या सत्याला दुजोरा मिळेल, हा आशय सूरह अल-कससमध्ये आहे. एक प्रेषित आपल्याला सोबतीची गरज आहे हे निःसंकोचपणे सांगतो आणि अल्लाह ती मागणी मान्य करतो. मग अठरा-वीस वर्षांच्या मुलाने मदत मागितली, तर त्यात कमीपणा कसला?

हा ‘हारून’ कोण होऊ शकेल? विश्वासातले प्राध्यापक, विभागप्रमुख, त्याच महाविद्यालयात शिकलेला एखादा थोरला चुलत वा मामेभाऊ, वस्तीतील निवृत्त शिक्षक, कायदा जाणणारा कुणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना मोफत कायदेविषयक मदत मिळण्याचा हक्क आहे, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो. म्हणून आरोप मुलीवर असेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जाण्यास मुळीच संकोच करू नये. गरीब घरातील मुलांनीही तिथे चौकशी करावी.

वडील शेजारी बसतात तेव्हा

सोबत कशी असावी, हे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणातून समजते. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळाच्या मुंबई विभागात नियामकांच्या गुणपत्रकांमध्ये फेरफार झाल्याचे आढळले. २८३ विद्यार्थ्यांचे गुण वाढवलेले होते. त्यांना नोटिसा दिल्या गेल्या. कागदपत्रे पाहण्याची आणि पुरावा देण्याची मुभा होती. वकील आणता येणार नव्हता. आई-वडील वा पालकांना चौकशीच्या वेळी मुलासोबत बसता येणार होते, मात्र चौकशीत भाग घेता येणार नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला, पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची कारवाई उचलून धरली. अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याची गरज नसते, शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहिले जाते, असे न्यायालयाने सांगितले. गुण वाढले ते विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या किंवा त्यांच्या वतीने कुणाच्या तरी संगनमतानेच, हा निष्कर्षही ग्राह्य धरला गेला.

या प्रकरणातील दोन गोष्टी पालकांनी मनात कोरून ठेवाव्यात. पहिली अशी की मोठ्यांनी परस्पर केलेल्या ‘मदती’ची किंमत मुलांना मोजावी लागते. पोराने अभ्यास केलेला असो वा नसो, त्याचे गुण कुणाला सांगून वाढवणे हे त्याच्या ताटात विष वाढण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट त्या नोटिशीतील अटीत आहे : शेजारी बसा, पण बोलू नका. अनेक पालकांना ही अट जाचक वाटेल. परंतु मुलाला आधार मिळतो तो वडिलांच्या वादविवादातून मिळत नाही, त्यांच्या शेजारी असण्यातून मिळतो. वडील पहाटेची एसटी धरून सोबत आले, दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसून राहिले, परतताना त्यांनी चहा पाजला आणि टोमणा मारला नाही, हे मूल जन्मभर विसरणार नाही. बोलायचे मात्र मुलानेच, कारण जाब त्याला द्यायचा आहे. आखिरतमध्येही कुणी कुणाचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने वारंवार सांगितले आहे.

मूल चुकले असेल तर

आता अवघड भागाकडे येऊ. मुलाने घरात सत्य सांगितले आणि ते सत्य असे निघाले की त्याने कॉपी केली, किंवा पैसे देऊन दुसऱ्याकडून प्रकल्प लिहून घेतला. जो फसवणूक करतो तो आपल्यापैकी नाही, अशी प्रेषितांची (स.) कडक ताकीद सहीह मुस्लिममध्ये आहे. जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचे भासवणारा हा खोटेपणाची दोन वस्त्रे ल्यालेल्या माणसासारखा आहे, अशीही हदीस आहे. दुसऱ्याचे ज्ञान स्वतःच्या नावावर मिरवणाऱ्याला याहून चपखल उपमा सापडणार नाही. तेव्हा पाप लहान आहे, असे मुलाला सांगू नका. पण दार बंद झाले आहे, असेही सांगू नका.

हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांची हकीकत या प्रसंगी घरात वाचून दाखवावी. हिजरी ९ मध्ये तबूकच्या मोहिमेला ते कोणत्याही अडचणीविना मागे राहिले. प्रेषित (स.) परत आले तेव्हा ऐंशीहून अधिक लोकांनी सबबी सांगितल्या आणि त्या ऐकून घेतल्या गेल्या. कअब (रजि.) बोलण्यात पटाईत होते. सबब रचणे त्यांना सहज जमले असते. पण त्यांनी सांगितले की माझ्याकडे कोणतीही सबब नाही. बाहेर पडताच बनू सलिमा या त्यांच्याच कबिल्यातील लोक मागे लागले : इतरांसारखी एखादी सबब का सांगितली नाहीस? त्यांनी इतका आग्रह धरला की परत जाऊन आपलेच म्हणणे खोटे ठरवावे, असे त्यांच्या मनात येऊन गेले. आपल्याच सत्यनिष्ठ माणसाचा पाय घसरावा, अशी ही नातलगांची ‘मदत’ होती! आपल्या घरांतून आज याहून वेगळे काय घडते?

पन्नास दिवस कुणी त्यांच्याशी बोलले नाही. जमीन विस्तीर्ण असूनही त्यांना अपुरी वाटू लागली. पण सत्य सोडले नाही आणि अखेर त्यांची तौबा कबूल झाल्याच्या आयती सूरह अत्तौबामध्ये अवतरल्या. त्यांच्या लगेच पुढची आयत सर्व ईमानधारकांना आज्ञा देते की अल्लाहचे भय बाळगा आणि सत्यवचनी लोकांसोबत राहा. ज्यांच्या सबबी खपल्या त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. ज्यांनी सत्य सांगून शिक्षा भोगली, त्यांची हकीकत उम्मत चौदाशे वर्षे वाचते आहे.

मुलाने खरे सांगितले म्हणून शिक्षा टळेलच, असे आश्वासन देऊ नका. एक पेपर रद्द होईल, कदाचित एक वर्ष जाईल. खुलाशात चूक मान्य करताना ती कशी घडली, परिस्थिती काय होती आणि पुन्हा घडू नये म्हणून तो काय करणार आहे, हे लिहावे आणि शिक्षा सौम्य करण्याची विनंती करावी. त्यात काहीही गैर नाही. परंतु वर्ष गेले तर ते वर्ष जाऊ द्या. पन्नास दिवसांची शिक्षा कअब (रजि.) यांना आयुष्यभराच्या सन्मानाकडे घेऊन गेली.

जमातीचे कर्तव्य

तौबा कबूल झाल्याची बातमी कळताच कअब (रजि.) मशिदीत आले, तेव्हा हजरत तलहा (रजि.) उठून त्यांच्याकडे धावत गेले, हात हातात घेतला आणि मुबारकबाद दिली. कअब (रजि.) ते कधी विसरले नाहीत. आपल्या मोहल्ल्यात असा तलहा कोण आहे? मूल अडचणीत आहे हे कळताच नाक्यावर चर्चा करणारे पुष्कळ असतात. सूरह अल-हुजुरातने तर बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा दिली आहे. संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा निषिद्ध ठरवली आहे. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी एखाद्याच्या मुलीला ‘कॉपीवाली’ म्हणणारी जीभ त्या परीक्षेतील गैरप्रकारापेक्षा मोठा गुन्हा करते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलावर आरोप आला तर त्याला पुन्हा परीक्षेला बसवतात. मुलीवर आला तर ‘शिक्षण पुरे’ म्हणून तिला घरी बसवून लग्नाची बोलणी सुरू करतात. ज्या समितीला शिक्षा देण्याचा अधिकार आहे, तिनेदेखील इतकी मोठी शिक्षा दिलेली नसते. अल्लाहसमोर याचे उत्तर बापाला आणि भावाला द्यावे लागेल.

आणि मूल गप्प झाले, जेवेना, झोपेना, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. नोटीस, निकाल, लोक, सर्व बाजूला ठेवा. स्वतःचा जीव घेऊ नका, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे, हा सूरह अन्निसामधील आदेशाचा आशय त्याला मायेने सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनाशुल्क उपलब्ध आहे; तिथे बोलून द्या, डॉक्टरांकडे न्या. पुत्रवियोगात दृष्टी गमावलेल्या हजरत याकूब (अ.) यांनीही आपल्या मुलांना अल्लाहच्या दयेपासून निराश होऊ नका, असेच सांगितले होते.

सूरह अन्निसामध्येच पुढे १३५ व्या आयतीत आज्ञा आहे की न्यायावर ठाम उभे राहा, मग साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. ही आज्ञा पाळूनही मुलाच्या खांद्यावर हात ठेवता येतो. तसा हात ठेवणे हेच खरे पालकत्व आहे.

हे अल्लाह! आमच्या मुलांना प्रामाणिक कष्टाचे ज्ञान दे. त्यांच्यावर खोटा आरोप आला तर त्यांचे निर्दोषत्व उघड कर. त्यांच्याकडून चूक झाली तर त्यांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि तौबेची सद्बुद्धी दे. आणि आम्हा आई-वडिलांना त्यांच्या शेजारी बसण्याचे बळ दे, खोट्याच्या बाजूने उभे राहण्यापासून आमचे रक्षण कर. आमीन.